चार दिवसांचं पाणी

आमच्या विहिरीवर दोन कॉक आहेत, एक भासऱ्यांच्या वावराकडे जाणाऱ्या पाइपावर आणि एक आमच्या. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. मी या घरात येऊन बावीस वर्षं झाली, आणि अगदी परवापरवापर्यंत हे दोन कॉक एकाच दिवशी उघडलेले मी पाहिले नव्हते.

त्याचं कारण सासरे. त्यांनी वाटणी केली तेव्हा वावर मधोमध कापलं, गोठ्यात भिंत घातली, भांडी मोजून दोन पोत्यांत भरली. विहीर काही कापता येईना, म्हणून त्यांनी दिवस कापले. चार दिवस मोठ्याचे, चार दिवस धाकट्याचे. नंतर सासरे गेले, डिझेल इंजीन गेलं, विजेची मोटर आली आणि तीही गेली. आता विहिरीवर दोघांत मिळून एक सोलर पंप आहे. चार दिवस मात्र आहेत तसेच आहेत.

पाळीचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण आमच्या भागात तो सगळ्यांना पाठ असतो. आपल्या चार दिवसांत जेवढं पाणी ओढता येईल तेवढं ओढायचं. न ओढलेलं पाणी पुढच्या पाळीत मिळत नाही. आणि 'आज आम्हाला नको, तुम्ही घ्या' असं चुकूनही तोंडातून काढायचं नाही. एकदा काढलं की पुढच्या वर्षी चार माणसं सांगायला तयार असतात, यांचे तर तीनच दिवस होते म्हणून. त्यामुळे पीक भिजून झालं तरी पाळी संपेपर्यंत पाणी चालू ठेवायचं. मी स्वतः धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताला पाणी पाजलेलं आहे, भर उन्हात, पदर खोचून, काहीतरी मोठं काम करत असल्यासारखी.

आता भासऱ्यांविषयी. आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. भांडण नसतं, राग नसतो, रीत असते. त्यांच्या समोरून जायचं तर डोक्यावर पदर, ते ओसरीवर बसलेले असतील तर मागच्या दाराने ये-जा, आणि काही सांगायचं असेल तर ते तिसऱ्या कुणाला तरी सांगायचं. मुलगी लहान होती तोवर ती आमच्यामध्ये उभी असायची. "मोठ्या बाबाले सांग, बैल सुटला." "आईले सांग, दिसून राह्यला मले." ती अकोल्याला शिकायला गेली आणि आमची पंचाईत झाली. मग माणूस नाही तर वस्तू, जनावर, जे समोर असेल ते. मी पंपाशी बोलायची, ते बैलाशी. मी पंपाला म्हणायची, "संपली आपली पाळी," आणि ते बैलाला म्हणायचे, "चाल, आपला कॉक खोलू." बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. मलाही येतं, पण वावरात येत नाही.

या बोलण्याचा एक फायदा आहे, त्यात टोमणे फार चांगले मारता येतात. कोणी विचारलंच तर आपण बैलाशी बोलत होतो. भासरे यात पटाईत, आणि मीही काही कमी नाही. एकदा त्यांनी बैलाला सांगितलं की काही लोकांच्या सऱ्या उंदराने पाडल्यासारख्या वाकड्या आहेत. मी पंपाला सांगितलं की काही लोकांचं डोळ्याचं ऑपरेशन करायचं राहिलं आहे. जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांची बायको, नंतर मला म्हणाल्या की त्या दिवशी जेवताना त्यांना घास जाईना इतके ते हसत होते. एवढंच आमचं नातं. तसं ते वाईट नव्हतं.

नवरा बसवर कंडक्टर आहे. लांबच्या गाड्या असतात, आठवड्यातून दीड दिवस घरी. वावर मीच करत आले. सोयाबीन, तूर, त्यामागून हरभरा. नवऱ्याला मनापासून वाटायचं की हे वावर ठोक्याने देऊन टाकावं, म्हणजे ठरावीक पैसे घेऊन वर्षभरासाठी दुसऱ्याला करायला द्यावं, आणि मी मंगरूळपीरला खोली करून आरामात राहावं. माझं आरामाशी फारसं पटत नाही. रिकामी बसले की मी लोकांचे दोष काढते, हे मला ठाऊक आहे. वावरात निदान तण तरी निघतं. पण खरं सांगायचं तर दोष आणि तण हे नंतरचं. वावर गेलं असतं तर मी कोण, हा प्रश्न मला पडला असता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

माझं माहेर जऊळक्याकडचं. भाऊ तिथे ठिबकवर हळद घेतो. मी दोन वर्षं नुसती पाहिली आणि तिसऱ्या वर्षी हट्ट धरला. नवऱ्याने बरेच दिवस हो-नाही केलं आणि शेवटी अट घातली.

"कर. पन हयद बुडाली तं पाडव्यापासून वावर ठोक्यानं. मंग रडाचं नाई."

"कोन रडते?" मी म्हटलं.

मान डोलवायला मला क्षणही लागला नाही. नंतर भाकरी थापता थापता हात थांबला, पण तोवर डोलावून झाली होती.

ठिबकचं दुकान मंगरूळपीरला. दुकानदार वयस्क मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माझ्या वावराचा नकाशा एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढला, कुठे मोठा पाइप, कुठे नळ्या, कुठे फिल्टर. मग पेन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "एक बात ध्यान में रखो बहन. हयदीले रोज थोडं थोडं लागते. रोज दोन तास, बस. उससे ज्यादा नहीं." विहिरीला पाणी आहे ना, हेही त्यांनी विचारलं. आहे, मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं. पाळीविषयी मी बोलले नाही, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. विहीर म्हटली की पाळी आलीच.

जूनमध्ये गादीवाफे पाडले, बेणं लावलं, वाफ्यांवर काळ्या नळ्या अंथरल्या. गावातल्या बायका बघायला आल्या. चाचणी म्हणून मी पाणी सोडलं, तर त्या खाली वाकून वाकून शोधू लागल्या. "बाई, पानी तं दिसतच नाई," एक म्हणाली. मी तिला ठिबकचं महत्त्व समजावून सांगितलं, पण आतून ते मलाही खटकत होतं. दांडाने, मातीच्या पाटाने, पाणी द्यायचं म्हणजे ते डोळ्याला दिसतं, पायाला लागतं, फावड्याने माती ओढली की सांगितल्यासारखं वळतं, आणि घरी येताना वाटतं की आज काहीतरी दिलं. इथे नळीखाली तळहाताएवढा ओला डाग. एवढ्याने कुणाचं काय भागणार, असं मनात यायचं. भासरे धुऱ्यावर उभे राहून बघत होते. त्यांनी बैलाला विचारलं, "सलाईन लावली काय रे वावराले?" मला राग आला आणि थोडंसं हसूही आलं.

पावसाळाभर नळ्यांना काम नव्हतं. दिवाळीच्या आधी पाऊस थांबला आणि आमची पहिली पाळी आली. सकाळी नऊच्या सुमारास पंपाने पाणी धरलं, मी कॉक उघडला. अकरा वाजले. दोन तास झाले होते, आता बंद करायला हवं होतं. मी कॉकाला हात लावला आणि तशीच उभी राहिले. पंप चालू, ऊन कडक, पाळी माझी. आत्ता बंद केलं तर ते पाणी विहिरीत राहणार आणि चार दिवसांनी भासऱ्यांच्या वावरात जाणार. आणि त्यांच्या चार दिवसांत माझ्या हळदीला एक थेंब मिळणार नाही. मग तिला आत्ताच पाजून ठेवलेलं काय वाईट? मी हात काढून घेतला. ऊन उतरून पंप आपोआप थांबेपर्यंत नळ्या चालू राहिल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही, चौथ्याही. त्यानंतर चार दिवस कोरडे, आणि मग पुन्हा तेच.

दुसऱ्या पाळीत भासरे बैलाला घेऊन धुऱ्यावर आले. मी फिल्टर धूत होते. ते बैलाला म्हणाले, "लय पितं बावा. पोट फुगून मरशीन एखाद्या दिवशी." मी फिल्टरची जाळी आपटली आणि पंपाला ऐकवलं, "आपल्या पाळीचं पानी हाय, कोनाच्या बापाचं नाई." तिसऱ्या पाळीत ते पुन्हा आले. या वेळी म्हणाले, "खालच्या आंगाले माती चपचप वाजून राह्यली रे. कोनाले आयकू येत नाई." मी ऐकलं आणि नळ्या तपासत पुढे गेले. त्यानंतर आठेक दिवसांनी एकदा जाता जाता बैलाच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "आता सडते हे." कधी शुभ म्हणून बोलायचं नाही, असं मनात म्हणत मी वाफे निंदत राहिले.

त्याच सुमाराला खालच्या अंगाच्या वाफ्यांत पानांच्या कडा पिवळ्या पडू लागल्या. इतक्या वर्षांत मी एक शिकले होते, पान पिवळं पडलं म्हणजे पिकाला तहान लागली. चार दिवस कोरडे जातात त्याचाच हा परिणाम, असं मी ठरवून टाकलं. म्हणून चौथ्या पाळीत आणखी शहाणपणा केला. भासऱ्यांची पाळी संपते त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन माझा कॉक उघडून ठेवला, म्हणजे सकाळी पंपाने पहिलं पाणी धरलं की मी घरून निघेपर्यंत एक मिनिटसुद्धा वाया जायला नको.

त्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी मी तण उपटत होते. तणासोबत हळदीचा एक कोंब धरला गेला आणि तो सरळ हातात आला. ओढावा लागला नाही, नुसता आला. बुडाशी तो मऊ आणि तपकिरी झाला होता आणि त्याला कुजक्या बटाट्यासारखा वास येत होता. मी शेजारचा ओढला, तोही आला. मग मी एकामागून एक ओढत गेले, जणू कोणी काम सांगितलं होतं. वाफ्याच्या टोकाला पोचले तेव्हा हातात मोठा भारा झाला होता. मी तिथेच बसले. रडू आलं नाही, भीती वाटली. पाडव्याला चार महिनेच राहिले होते.

चाचांना फोन केला.

"कितना चलाया?" त्यांनी विचारलं.

"दिसभर."

"रोज?"

"चार दिवस दिसभर. मंग चार दिवस बंद."

ते म्हणाले, "बहन, मी काय सांगतलं होतं?"

"पाळी होती, चाचा."

"कशाची पाळी?"

मी त्यांना समजावू लागले. सासरे, वाटणी, चार दिवस, न ओढलेलं पाणी. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता, आणि त्यात शहाण्या माणसाचं असं काहीच नव्हतं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. दहा दिवस पाणी पूर्ण बंद, सडलेले कंद काढून दूर टाकायचे, औषध ते पाठवतील. आणि त्यानंतर रोज दोन तास. "रोज म्हंजे रोज. नाई तं बाकीचीही जाईन."

रोज म्हणजे भासऱ्यांच्या पाळीतही. मी वाफ्यावर बसल्या बसल्या विचार केला आणि गोष्ट फार सोपी निघाली. मला रोज दोन तास मिळाले तर मला चार दिवस नकोच होते. उरलेला सगळा वेळ, आठही दिवस, भासऱ्यांनी घ्यावा. त्यांचं नुकसान तर नव्हतंच, उलट फायदा होता. फक्त ते त्यांना सांगायला हवं होतं.

नवरा सुटीला आला तेव्हा मी त्याला सडलेले कंद दाखवले आणि सगळं सांगितलं. कंदांकडे त्याने ओझरतं पाहिलं.

"म्हंजे अर्धी इहीर सोडून देतं?" तो म्हणाला.

"सोडत नाई. रोज दोन तास पाह्यजे."

"बाबानं चार दिवस देले, तू दोन तासावर आनलं. लोकं काय म्हनतीन?"

"लोकायची हयद सडली काय?"

बऱ्याच वादानंतर तो दादाशी बोलतो म्हणाला आणि शेजारी गेला. अर्ध्या तासाने परत आला. "बोललो," तो बूट घालत म्हणाला. "पाहू म्हन्ते दादा." मला हायसं वाटलं. 'पाहू' म्हणजे निम्मं हो, असं मी मानते. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर जाऊबाई भेटल्या, त्यांना विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "काई नाई बोलला माय. चा पेला, गाडीच्या गोष्टी सांगतल्या अन गेला."

नवरा भावाला घाबरतो हे मला माहीत होतं. पण इतकी वर्षं आमच्या दोन घरांमधले निरोप त्याच्याच खिशातून गेले होते, आणि त्यांतले किती पोचले असतील याचा मी कधी विचार केला नव्हता. मी दळण डोक्यावर घेऊन घरी आले.

चाचांनी सांगितलेले दहा दिवस संपले त्या सकाळी पाळी भासऱ्यांची होती. ऊन पडल्यावर मी विहिरीवर गेले. ते कठड्याशी दगडावर बसून तंबाखू मळत होते. बैल नव्हते, दोन्ही बैल नाल ठोकायला नेले होते. मी पदर घेतला, जरा लांब उभी राहिले आणि नेहमीप्रमाणे पंपाला म्हणाले, "हयद सडून राह्यली. रोज दोन तास पानी पाह्यजे."

त्यांनी मान वर केली आणि इकडे तिकडे पाहिलं. ते बैल शोधत होते. बैल नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी पुन्हा तंबाखूत बोट घातलं. मी पंपाला परत एकदा सांगितलं. पंप आपला चालू होता. माझ्या डोळ्यासमोर तो भारा आला, वाफ्याच्या टोकाला टाकलेला.

मी त्यांच्याकडे वळले. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेच मला माहीत नव्हतं, इतक्या वर्षांत कधी वेळच आली नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलले.

"मी तुमच्याशी बोलून राह्यली."

त्यांचा हात थांबला.

"मी सांगतलं होतं," ते म्हणाले. "तीनदा सांगतलं."

"कोनाले?"

"बैलाले."

आम्ही दोघंही हसलो नाही. त्यांची तिन्ही वाक्यं मला जशीच्या तशी आठवत होती. प्रत्येक मी टोमणा म्हणून घेतलं होतं. हा माणूस पंधरा पावलांवर उभा राहून माझं पीक वाचवायला बघत होता, आणि मी पंपाकरवी त्याचा बाप काढला होता. तो बाप माझा सासराच होता, ही आणखी एक गंमत. मला अतोनात लाज वाटली. लाजेच्या मागोमाग रागही आला.

"तोंडानं सांगता नाई आलं?"

"तुले तोंडानं इचारता नाई आलं?"

मी खाली बसले, त्यांच्यापासून चार हातांवर, आणि माझी मागणी सांगितली. त्यांनी अडवून अडवून विचारलं. त्यांचं पाणी दांडाने जातं, मधेच दोन तास बंद झालं तर दांड सुकेल, पुन्हा भिजवण्यात पाणी वाया जाईल. मी म्हटलं, म्हणून तर सकाळचेच दोन तास मागते, त्यांचं काम सुरू व्हायच्या आधीचे. त्यांनी मान डोलावली.

"अन तुहे चार दिवस?"

"सोडले," मी म्हटलं. इतक्या वर्षांत ज्या शब्दाला आम्ही सगळे भीत आलो, तो असा तोंडातून गेला आणि काहीच झालं नाही.

"लहान्याले इचारलं?"

"नाई."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि उठून आपला कॉक बंद केला. "नऊ ते अकरा," ते म्हणाले. "खोल तुहा." मी माझा उघडला. अकरा वाजता मी तो बंद केला आणि त्यांनी आपला उघडला.

त्यानंतर रोज सकाळी आम्ही बोलू लागलो. फार काही नाही. "झालं?" "झालं." "फिल्टर धुतला?" "कालच धुतला." एकदा त्यांनी विचारलं की पोरीची परीक्षा कधी आहे. गावात अर्थातच चर्चा झाली. भासऱ्याशी बोलते, तेही बसून बोलते, अशी. जाऊबाईंना ते कोणीतरी येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बोलू दे. मले तेवढाच आराम." माघात विहिरीचं पाणी खाली गेलं, दुपारी पंप हवा ओढू लागला. मला रोज धाकधूक वाटायची की आता दोन तासांचा एक तास होणार. झाला नाही. चार दिवस सोडून दिले होते, कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, आणि ते उलटले असते तर त्यांना कोणीही अडवलं नसतं. ते मला दिवसातून दहा वेळा आठवायचं.

पाडव्याच्या आधी हळद काढली. खालच्या अंगाची, म्हणजे वावराचा तिसरा हिस्सा, गेली होती. वरची चांगली आली, कंद भरलेले होते, पण गेलेलं गेलंच होतं. नवरा दोन दिवसांची रजा घेऊन आला. त्याने ढीग पाहिला, खालचं रिकामं वावर पाहिलं, आणि मला काही न बोलता शेजारी गेला. मी मागच्या दाराने जाऊन जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथून ओसरी दिसते.

"तिसरा हिस्सा सडला, दादा," नवरा म्हणत होता. "अट तिनंच मानली होती. पाडव्यापासून तुमीच करा वावर. ठोक्याचं घरातल्या घरात ठरवू."

अट मी मानली होती, हे खरं होतं. आणि समोर बसलेल्या माणसाला हे वावर हवं होतं, हेही खरं होतं. वाटणी झाली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, असं जाऊबाईंनीच मला सांगितलेलं. नुसतं 'बरं' म्हटलं की सासऱ्यांनी कापलेलं सगळं पुन्हा एक होणार होतं, वावरही आणि विहीरही, आठही दिवस. मला वाटलं, मी यांना दिवस सोडून दिले तेव्हाच वावरही दिलं होतं, फक्त मला ते कळलं नव्हतं. मी ओट्याची कड घट्ट धरली.

भासऱ्यांनी मान वळवून आतल्या दाराकडे पाहिलं.

"बाहेर ये," ते म्हणाले.

जाऊबाईंनी मला कोपराने ढकललं. मी ओसरीवर गेले.

"औंदा बेनं कोनतं लावतं?" त्यांनी मला विचारलं. "या वावरातलं ठेवू नको. सडकं हाय ते, रोग जाईन संगं."

"दादा, मी काय म्हनून राह्यलो—" नवरा मधे बोलला.

"आयकलं मी," भासरे त्याच्याकडे न बघता म्हणाले. "थांब तू. मी तिच्याशी बोलून राह्यलो."

मी त्यांना सांगितलं की बेणं जऊळक्याहून आणीन, आणि औंदा हळद वरच्या अंगालाच लावीन.